उजळणी वर्गातला हरवलेला बोल्ट

१

बुधवारी सकाळी मी दोशाचं पीठ ढवळत होते आणि आमचे हे अंगणात तुळशीला पाणी घालत होते, तेवढ्यात ड्रिल मास्तर दामोदर फाटकातून धावत आला. धावायची त्याला सवय होतीच, पण चपला विसरून धावायची नव्हती.

"आचार्य, घात झालाय बघा," तो म्हणाला. "कोतात एक बोल्ट कमी हाय."

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. मी पीठ तसंच टाकून दारात आले.

आधी थोडं सांगायला हवं. बंगळूरला यशवंतपूरच्या अलीकडे पोलिसांची जी शिक्षणशाळा होती, तिथे आमचे हे, म्हणजे भीमाचार्य, कायदा शिकवायचे. उभ्या जन्मात त्यांनी बंदुकीला हात लावला नव्हता. आमचं क्वार्टर शाळेच्या मैदानाला लागून होतं, त्यामुळे माझा संसार 'लेफ्ट राइट'च्या तालावर चालायचा. त्या वर्षी राज्य मोठं झालं होतं. मुंबईकडचे, हैदराबादकडचे, आमचे जुने म्हैसूरचे, असे सगळीकडचे पोलीस एका छत्राखाली आले होते आणि प्रत्येकाची शिस्त निराळी. म्हणून वरून हुकूम सुटला, की केस पांढरे झालेले असोत की मिसरूड फुटलेलं असो, प्रत्येकानं उजळणी वर्ग करायचाच. कवायत, कायदा, प्रथमोपचार आणि शेवटी नेमबाजी. नेमबाजीत दोनदा नापास झाला, की वर्दी उतरवून घरी.

त्या बुधवारी नेमबाजीचीच परीक्षा होती. बंदुका कोतात, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, साखळीनं बांधून ठेवत. प्रत्येक बंदुकीतला वीतभर लोखंडी बोल्ट काढून वेगळ्या पेटीत कुलपात ठेवत. बोल्ट नसला की बंदूक म्हणजे नुसती काठी. आणि बोल्ट हरवला, की ज्याच्या ताब्यात कोत आहे त्याची धडगत नाही.

कोत खंडोजी शिपायाच्या ताब्यात होतं.

"खंडोजी काय म्हणतो?" ह्यांनी विचारलं.

"शनिवारी संध्याकाळी मोजून घेतले म्हणतोय. पुरे होते म्हणतोय. आणि शाळेच्या मोठ्या साहेबांचा म्हैसूरहून फोन आलाय. शुक्रवारी सकाळी ते येणार. तोवर तुम्ही चौकशी करायची. बोल्ट नाही मिळाला, तर खंडोजीला बेड्या घालायच्या आणि नोकरीतून काढायचं."

माझ्या हातातला पळा उंबऱ्यावर पडला. खंडोजीला त्याच शनिवारी पहिला मुलगा झाला होता. त्यानं तो अजून पाहिलासुद्धा नव्हता.

२

ऑफिसात माणूस खरं बोलत नाही, असं ह्यांचं ठाम मत होतं. टेबल मधे आलं की माणूस उत्तर देतो, कॉफी मधे आली की बोलतो, असं ते म्हणायचे. म्हणून चौकशी आमच्या व्हरांड्यात झाली आणि कॉफी करून करून माझा हात दुखायला लागला. तक्रार नाही. मला आत बसून सगळं ऐकायला मिळालं.

पहिला खंडोजी आला. उंचपुरा, देखणा पोरगा, पण त्या दिवशी बनियन पिळून वाळत टाकावं तसा दिसत होता. ही मंडळी तीनशे वर्षांपूर्वी शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आलेल्या मराठ्यांपैकी. घरात मराठी, दारात कन्नड, आणि पेशा बहुतेक वर्दीचाच.

"शनिवारी काय झालं, सगळं सांग," हे म्हणाले.

"हेब्बाळच्या मैदानावर सराव होता, अण्णा. लॉरी परत आली. बंदुका मी साखळीला लावल्या. बोल्टांची पेटी घेतली, मोजली, कुलूप घातलं."

"पेटी तुझ्या हातात कुणी दिली?"

"मामांनी."

मामा म्हणजे हवालदार फत्तेसिंग, त्याचे सासरे. तेही त्या उजळणी वर्गात शिकायला आले होते आणि वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून तुकडीचे म्होरके. सासरा शिकाऊ आणि जावई कोतावर, असा तो उलटा योग होता. शाळेत सगळ्यांना त्याची गंमत वाटायची, त्या दोघांना सोडून.

"मोजलेस नक्की?"

"मोजले, अण्णा."

"मग चार दिवस कुलपात असलेली पेटी उघडली कुणी? किल्ल्या दोनच. एक तुझी, एक दामोदरची."

मी कॉफी पुढे केली. खंडोजीनं पेला हातात धरला, पण प्यायला नाही.

"मुलगा कसा आहे रे?" मीच विचारलं.

त्याचा चेहरा क्षणभर उजळला. "बरा आहे म्हणतात, अक्का. आमच्यात बाराव्या दिवसापर्यंत बापानं तोंड बघायचं नाही. मथुरा माहेरीच आहे, कॉटनपेटेत. तिला यातलं काही कळू देऊ नका, एवढंच करा. ओली बाळंतीण आहे."

तो गेल्यावर ह्यांनी त्याचा भरलेला पेला माझ्या हातात दिला.

"तो खोटं बोलतोय, पद्मा," ते म्हणाले.

"चोरी त्यानं केली?" माझा आवाज चढला. "काहीतरीच काय!"

"चोरी केली असं नाही म्हणालो. खोटं बोलतोय म्हणालो. आणि ज्या खोट्यानं त्याचाच गळा कापला जाणार, तेच खोटं धरून बसलाय."

३

दामोदर बेळगावकडचा. मुंबई राज्याच्या शिस्तीत वाढलेला, बोलायला फटकळ. कोताचा ताबा आपल्याला मिळावा म्हणून त्यानं अर्ज केला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. खंडोजी गेला, तर फायदा त्याचाच. आणि रविवारी दुपारी, शाळा रिकामी असताना, तो कोताच्या व्हरांड्यात दिसला होता. हे मी स्वतः स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. ह्यांना सांगितलंही होतं, जरा तिखटमीठ लावून.

"रविवारी कोतापाशी काय करत होतास?" ह्यांनी विचारलं.

दामोदर तांबडा झाला. "काही नाही."

"दामोदर, तुझ्याकडे दुसरी किल्ली आहे. खंडोजीच्या जागेवर तुझा डोळा आहे. 'काही नाही' हे उत्तर मी लिहून साहेबांना दिलं, तर साहेब काय समजतील?"

त्यानं मान खाली घातली, मग एकदम उसळून म्हणाला, "म्हाताऱ्याला शिकवत होतो की वो! फत्तेसिंगांना. व्हरांड्यात लाकडी बंदुका असतात नव्हं, कवायतीच्या, त्या घेऊन नेम कसा धरायचा ते दाखवत होतो. एकदा नापास झाल्यात ते. पुन्हा झाले तर घरी. नजर अधू झालीय, पण चष्मा लावायला लाजतात. चारचौघांत कुणी शिकवलेलं त्यांना खपत नाही, म्हणून रविवारी. कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातलीय त्यांनी मला."

मला माझ्या तिखटमिठाची लाज वाटली. त्याला कॉफीबरोबर दोन चकल्या जास्त दिल्या.

"कुलूप उघडलं होतंस?"

"कशाला उघडू? लाकडी बंदुकांना कुलूप नसतंय."

"आणि फत्तेसिंग परीक्षेबद्दल काही बोलले?"

दामोदर चकली मोडत म्हणाला, "बोलले. 'देवानं ही परीक्षा एवढी पुढं ढकलली तर बरं होईल,' असं म्हणाले."

आणि परीक्षा पुढे ढकलली गेली होती. एका हरवलेल्या बोल्टामुळे.

४

फत्तेसिंग संध्याकाळी आले. गलमिशा, इस्त्रीचा कोट, चालताना टाचा वाजायच्या. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी सरकारी खजिन्याच्या पहाऱ्यावर काढली होती. व्हरांड्यात छत्री कोपऱ्यात उभी केली, खुर्चीत ताठ बसले. मी पानाचं तबक पुढे ठेवलं.

"आचार्य, आडपडदा नको," ते म्हणाले. "माझ्या जावयानं असलं काम केलेलं नाही. तो कुणाच्या काडीला हात लावणार नाही. दोष द्यायचाच असेल, तर मला द्या. मी म्होरक्या होतो."

"पेटी तुम्ही दिलीत?"

"मीच. लॉरीतून उतरलो, तर फाटकाशी आमचा शेजारी सायकल घेऊन उभा. मथुराला मुलगा झाला म्हणाला. मी पेटी जावईबापूंच्या हातात दिली. 'घ्या, पुरे आहेत, आणि मुलगा झालाय' असं म्हणालो. मग मी घरी गेलो आणि ते इथंच विहिरीवर गेले, अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायला. जन्माची बातमी ऐकल्यावर आमच्यात तशीच करतात. सगळ्या शाळेनं बघितलं, नखशिखांत ओलेचिंब होऊन रडत होते." सुपारी कातरायच्या निमित्तानं त्यांनी मान खाली घातली.

"तुम्हाला परीक्षा नको होती," हे हळू आवाजात म्हणाले.

फत्तेसिंगांनी सुपारी कातरून पान लावलं, तबक बाजूला सारलं. मग म्हणाले, "नको होती. खोटं कशाला बोलू? या वयात नापास होऊन घरी गेलो, तर नातवाला काय सांगू, आजोबांना बंदूक धरता येत नव्हती म्हणून काढलं? पण म्हणून मी जावयाच्या मानेवर सुरी ठेवीन?"

ते गेल्यावर मी तबक उचललं. पान होतं, चुना होता, कात होता. अडकित्ता नव्हता.

खुर्चीखाली बघितलं, चटईखाली बघितलं. माहेरून आणलेला पितळी मुठीचा अडकित्ता! मी कामवालीवर तोंड टाकणार, एवढ्यात हे शांतपणे म्हणाले,

"शोधू नकोस. अडकित्ता फत्तेसिंगांच्या डाव्या खिशात आहे. त्यांनी घातला, वर बटणही लावलं. मी बघत होतो."

५

रात्रभर मला झोप नाही. ज्या माणसासाठी माझा जीव तुटत होता, तो माझ्या घरातून अडकित्ता उचलून नेतो? आणि नवरा बघत बसतो? मी ह्यांना दोन शब्द सुनावलेही. त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. "सकाळी कळेल," म्हणाले.

सकाळी कॉफीचं पाणी उकळायच्या आत फत्तेसिंग दारात हजर. हातात अडकित्ता, चेहरा असा की बघवेना.

"अक्का, माफ करा. काय झालं मलाच कळत नाही. बराकीत कोट काढला, तर हा खिशात. देवाशपथ, मला आठवतसुद्धा नाही."

"असं पूर्वीही होतं का?" ह्यांनी इतक्या सहज विचारलं, जणू हवापाण्याची चौकशी करत होते.

"घरी होतं. विळीजवळचा चाकू, दिव्याची किल्ली, काय वाटेल ते. आमची मंडळी चिडते. हात माझा ऐकत नाही, आचार्य. खजिन्यावर असताना आमचा जमादार होता, फार कडक. त्यानं शिकवलेलं, बंदूक खाली ठेवली की बोल्ट डाव्या खिशात. पहारेकऱ्याचा बोल्ट पहारेकऱ्याच्या अंगावर, म्हणजे झोपेत कुणी बंदूक पळवली तरी तिचा उपयोग नाही. तेवढी वर्षं तेच केलं. आता इथली नवी रीत, बोल्ट पेटीत टाकायचा. त्यासाठीच तर वर्ग आहे म्हणतात."

बोलता बोलता ते थांबले. मला वाटलं, आता त्यांच्या लक्षात येणार. पण ह्यांनी लगेच विचारलं, "शनिवारी हाच कोट होता?"

"नाही, तो भिजला. घरी मागच्या दारी मीही तशीच आंघोळ केली ना. मंडळींनी काढून घेतला, वाळत घातला असेल. मी हा दुसरा घालून परत आलो. सोयर आहे, त्यामुळे त्यानंतर घरी गेलोच नाही. पुरुषमाणसाचं तिथं काय काम?"

"सरी, ठीक आहे," हे म्हणाले. "जा तुम्ही. आणि त्या अडकित्त्याचं मनाला लावून घेऊ नका."

फत्तेसिंगांच्या टाचांचा आवाज मैदानापलीकडे गेला, तसे हे माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे चमकत होते. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हाही ते इतके चमकले नव्हते, हे मी त्यांना नंतर ऐकवलं.

"पद्मा, सगळ्या शाळेची झडती झाली. बराक, ट्रंका, खंडोजीचं क्वार्टर, विहीरसुद्धा. एक खोली राहिलीय, जिथे कुठलाही पोलीस जाऊ शकत नाही. साहेबसुद्धा नाही. तिथे तुलाच जावं लागेल."

६

कॉटनपेटेत जटक्यानं, म्हणजे टांग्यानं, गेले. बरोबर डिंकाचे लाडू, टोपडं आणि चोळीचा खण. बाळंतिणीच्या खोलीत शिरले म्हणजे परत आल्यावर डोक्यावरून आंघोळ आलीच, हे धरून पाणी तापवायला सांगूनच निघाले होते.

फत्तेसिंगांच्या मंडळी, गोजराबाई, दारातच भेटल्या. ठेंगण्या, गोल, चेहऱ्यावर नुसतं हसू. "अय्यो, अक्का! तुम्ही एवढ्या लांबून? या, आत या."

खोलीत शेगडीचा धूर, ओव्याचा वास. मथुरा खाटेवर पडली होती, कानाला फडकं बांधलेलं. कुशीत ते तांबूस गाठोडं. आणि बाळाच्या उशाशी, हळदकुंकू लावलेला, काळा दोरा गुंडाळलेला, वीतभर लोखंडी बोल्ट.

मी खाटेच्या कडेला बसले.

"काल पाचवी पूजली," गोजराबाई कौतुकानं सांगू लागल्या. "पाचवीला आमच्यात घरच्या माणसाचं शस्त्र लागतं. मुलाच्या उशाशी ठेवायचं, बाराव्यापर्यंत हलवायचं नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तलवार होती, ती पुढं गेली कुठं तरी. मी म्हटलं, आता विळाच ठेवायचा. तर शनिवारी ह्यांचा भिजलेला कोट पिळायला घेतला, आणि डाव्या खिशात हे! बटण लावून, जपून आणलेलं. अक्का, तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून हा माणूस मला एक गोड शब्द म्हणून बोलला नाही. पण नातवासाठी न बोलता शस्त्र घेऊन आले. मी दाराआड उभी राहून स्वल्प रडून घेतलं."

मथुरा हसली. मग हळूच मला विचारलं, "आणि ते? बरे आहेत ना? बाराव्याला रजा मिळेल ना त्यांना?"

"मिळेल की," मी म्हटलं. मला देवानं त्या वेळी आवाज कसा दिला, कोण जाणे.

मग मी गोजराबाईंना स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. पुरुषांनी बाळंतिणीला घोर नको म्हणून यातलं अक्षर घरी येऊ दिलं नव्हतं, आणि पुरुषांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही म्हणून खोलीतलं त्यांना कळलं नव्हतं. उद्या सकाळी जावयाच्या हातात बेड्या पडणार होत्या.

गोजराबाई चुलीपुढे बसल्या. मला वाटलं, जावयाच्या काळजीनं. पण त्या म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी आणलंच नव्हतं."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसले. सोवळंओवळं गेलं खड्ड्यात. "हातानं आणलं, गोजराबाई," मी म्हटलं. "डोक्याला विचारलं नाही, एवढंच."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग उठून फळीवरचा विळा काढला, धुतला, त्याला हळदकुंकू लावलं आणि मूठ पुढे करून तो उशाशी ठेवला. "हे सरकारचं, परत द्यायला हवं," असं मथुराला सांगितलं. बोल्टाला नमस्कार करून तो टॉवेलात गुंडाळला आणि माझ्या पिशवीत टाकला. आजपर्यंत मी पिशवीतून इतकी जड वस्तू नेलेली नाही, आणि तिचं वजन शेरभरसुद्धा नसेल.

७

त्या संध्याकाळी सासरा आणि जावई दोघेही आमच्या व्हरांड्यात होते. ह्यांनी टॉवेल सोडून बोल्ट तबकात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली, तेव्हा खंडोजी उभाच राहिला.

"चोरी झालीच नाही," हे म्हणाले. "शनिवारी मैदानावर फत्तेसिंगांनी बंदूक लॉरीत ठेवली आणि त्यांच्या हातानं खजिन्यावरची जुनी शिस्त पाळली. बोल्ट डाव्या खिशात गेला, आणि आपलाही पेटीत पडला असं धरून ते 'पुरे आहेत' म्हणाले. खिशात तेवढं वजन असायची त्यांना इतकी सवय, की ते नसतं तर चुकल्यासारखं वाटलं असतं. तोच कोट घालून ते घरी गेले. तिथे पुढे काय झालं, ते पद्मा सांगेल. मला एकच कोडं पडलं होतं. शनिवारीच एक बोल्ट कमी होता, तर पेटी मोजणाऱ्या माणसाला तो पुरा कसा वाटला?"

ते खंडोजीकडे वळले. "तू मोजलेच नाहीस."

खंडोजीची नजर सासऱ्यांच्या पायांवर गेली.

"तुमच्यात जावई सासऱ्याच्या समोर खुर्चीवर बसत नाही, नजर वर करून बोलत नाही. सासऱ्यानं दोन्ही हातांनी पेटी दिली, 'पुरे आहेत' म्हणाले. त्यांच्या देखत तू पेटी उघडून मोजायला लागला असतास, तर तो त्यांच्यावर अविश्वास झाला असता. आणि आपण न मोजता घेतली असं आज म्हणालास, तर बोल्ट मैदानावरच गेला हे उघड होणार आणि बोट सासऱ्यांकडे वळणार. त्यांना परीक्षा नको होती, हे तुलाही माहीत होतं. म्हणून तू खोटं बोललास. चोर ठरायची तयारी ठेवून."

फत्तेसिंग हळूहळू खुर्चीतून उठले. "जावईबापू, तुम्हाला वाटलं, मी मुद्दाम..."

"नाही, मामा," खंडोजी म्हणाला. "मला तसं वाटलं नाही. पण लोकांना वाटलं असतं."

म्हाताऱ्यानं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढून घेतला. मी पाचवीची हकीकत सांगितली, गोजराबाई दाराआड रडल्या तेही. काही लपवलं नाही. अशा वेळी लपवणं म्हणजे पाप.

"तिला असं वाटलं? की मी नातवासाठी आणलं?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग ह्यांना म्हणाले, "आचार्य, साहेबांना मी सांगणार. तुम्ही नाही. माझ्या तोंडानं सांगणार."

"नोकरी जाईल, मामा," खंडोजी म्हणाला.

"जाऊ दे. तुमची राहू दे."

८

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या खोलीचं दार बंद झालं आणि बराच वेळ उघडलं नाही. मी तीनदा भाजी करपवली. ह्यांनाही आत बोलावलं होतं. परत आले ते गप्प, मुद्दाम गप्प. हा माणूस मला छळायची संधी सोडत नाही.

"सांगता की उपाशी ठेवू?" मी म्हटलं.

मग सांगितलं. साहेब आधी भडकले. मग बोल्टावरचं कुंकू बघून विचारलं, हे काय. फत्तेसिंगांनी ताठ उभं राहून सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. साहेब खिडकीकडे गेले, पाठ करून उभे राहिले. नंतर म्हणाले, "या माणसाला शिस्त नाही असं कोण म्हणेल? त्याला शिस्त फार आहे, पण जुनी आहे. ती मोडायलाच हा वर्ग आहे." फत्तेसिंगांनी सगळा उजळणी वर्ग पहिल्या दिवसापासून, नव्या भरतीच्या पोरांबरोबर पुन्हा करायचा. चष्मा लावायचा, हा हुकूम. खंडोजीला लेखी ताकीद. कोत त्याच्याकडेच.

"साहेब देवमाणूस," मी म्हटलं.

"शिक्षा आहे ती, पद्मा," हे म्हणाले. "त्या वयात पोरांबरोबर 'लेफ्ट राइट' करायचं. सोपं नाही."

ते सोपं नव्हतंच. मी खिडकीतून रोज बघत होते. चष्मा लावलेले फत्तेसिंग रांगेत पहिले, मागे नातू शोभतील अशी पोरं. दामोदर त्यांच्यावर सगळ्यांइतकाच खेकसायचा. त्यांना तसंच हवं होतं. मध्यंतरी बारसं झालं, खंडोजीनं मुलाचं तोंड बघितलं. गोजराबाईंना त्यांच्या माणसानं काय सांगितलं, ते मला कळलं नाही. बारशाला मात्र त्या नवं लुगडं नेसल्या होत्या आणि ते कुणी आणलं, हे सगळ्यांना सांगत होत्या.

परीक्षेच्या दिवशी लॉरी हेब्बाळहून परत आली. फत्तेसिंग पास झाले होते, काठावर, पण पास. बंदुका साखळीला लागल्या. फत्तेसिंगांनी पेटी उचलली, कोताच्या दारात खंडोजीसमोर आले. तुकडीतली पोरं गप्प झाली. मी कढईखालचा जाळ ओढून खिडकीशी आले.

खंडोजीनं सवयीनं मान खाली घालून दोन्ही हात पुढे केले. फत्तेसिंगांनी पेटी दिली नाही. ती ओट्यावर ठेवली आणि झाकण उघडलं.

"मोजा, जावईबापू," ते म्हणाले.

खंडोजी हलेना.

"मोजा. मोठ्यानं मोजा. आणि वर बघून."

त्यानं मान वर केली. एकेक बोल्ट उचलून ओट्यावर मांडत तो मोजू लागला. पहिले काही आकडे ऐकूच आले नाहीत, मग आवाज मोकळा झाला आणि मैदानभर ऐकू येऊ लागला. फत्तेसिंग टाचा जुळवून, दोन्ही हात कडेला ताठ धरून समोर उभे होते.

"पुरे आहेत!" खंडोजी म्हणाला. तो रडत होता, पण नजर खाली केली नव्हती.

हवालदारानं शिपायाला सलाम करायचा नसतो. फत्तेसिंगांनी कडक सलाम केला.